श्वास मोजावयास शिका!

आमच्या शेतकऱ्याच्या घरीं मोजल्याशिवाय कांहीं होत नाहीं. खळ्यावर धान्य आलें कीं पायली घेऊन तें मोजतात. बैल घ्यावयाचा तर त्याचे दांत पाहतात. डेअरीवर दूध घातलें तर लिटर आणि फॅट दोन्ही डोळ्यांनीं पाहून घेतात. सुतार लांकडाला सूत लावल्याशिवाय करवत चालवीत नाहीं, आणि विणकर ताण्याचे धागे मोजल्याशिवाय मागावर बसत नाहीं. मोजमापाची संवय ज्यांच्या हाडींमाशीं इतकी खिळली आहे, त्यांच्याच घरांत तान्हें मूल धापा टाकीत पडलें म्हणजे त्याचा श्वास मिनिटाला किती वेळां चालतो, हें मात्र कोणी मोजीत नाहीं! आजी म्हणते दृष्ट लागली. शेजारीण म्हणते डबा झाला. बाप म्हणतो, परवां बाजार आहे, तालुक्याला जाऊं तेव्हां दाखवूं. आणि परवां उजाडण्यापूर्वीं पाळणा रिकामा होतो.

डबा, धापा, पोट उडणें अशीं नांवें गांवोगांव वेगळीं असलीं तरी पुष्कळदां रोग एकच असतो, आणि त्याचें नांव न्यूमोनिया. हा रोग वेळींच ओळखला तर बरा होतो. त्याचें औषध स्वस्त आहे व सरकारी दवाखान्यांत तें फुकट मिळावयाचें आहे. तो ओळखण्याची पहिली खूण कळण्यास कॉलेजांत जावें लागत नाहीं. एक घड्याळ आणि दोन डोळे पुरतात. असें असून मुलें मरतात, म्हणून आज हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, श्वासाचें ज्ञान ही दवाखान्याच्या कपाटांत कुलूपबंद ठेवण्याची वस्तु नव्हे. तें घराघरांत गेलें पाहिजे. आणि तें घरांत आल्यावर लोकांनीं तेथेंच न थांबतां सरकारच्या दारीं जाऊन प्राणवायूचा हिशेब मागितला पाहिजे.

प्रथम श्वास म्हणजे काय तें पाहूं. लोहाराचा भाता कोणी पाहिला नाहीं? भाता फुगला कीं वारा आंत येतो, दाबला कीं तो निखाऱ्यावर जातो, आणि निखारा लाल फुलतो. आपली छाती हा असाच एक भाता आहे. निखारा फुलतो तो हवेंतील प्राणवायूनें, म्हणजे ऑक्सिजननें. हवेच्या शंभर भागांत हा सुमारें २१ भाग असतो. १७७४ सालीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यानें भिंगानें ऊन एकवटून पाऱ्याचें तांबडें भस्म तापविलें, तेव्हां निघालेल्या वायूंत मेणबत्ती विलक्षण तेजानें जळूं लागली. स्वीडनमध्यें शेले नांवाच्या औषधें बनविणाऱ्यानें हाच वायु त्याच्याही अगोदर काढला होता, पण त्याचें पुस्तक छापून निघण्यास १७७७ साल उजाडलें. पुढें फ्रान्समध्यें लाव्हाझिए यानें त्याला ऑक्सिजन हें नांव दिलें, आणि जळणें व श्वास घेणें या दोन्हींत हाच वायु खर्च होतो हें दाखवून दिलें. यांतला प्रीस्टली हा कापडावर शेवटचा हात फिरविणाऱ्या कारागिराच्या पोटीं जन्मला होता, हें आमच्या विणकर, रंगारी व शिंपी बांधवांनीं ध्यानांत ठेवावें.

फुप्फुसांच्या आंत द्राक्षांच्या घडासारख्या कोट्यवधि बारीक पिशव्या आहेत. त्यांच्या पातळ पडद्यांतून प्राणवायु रक्तांत शिरतो आणि रक्त तो अंगभर पोंचवितें. न्यूमोनियांत या पिशव्यांत पू व पाणी सांचतें. वारा आंत येतो, पण रक्तापर्यंत पोंचत नाहीं. मग शरीर काय करील? भाता जोरानें हाणूं लागेल! म्हणून श्वास जलद होतो. तेवढ्यानेंही भागलें नाहीं म्हणजे मूल सर्व बळ लावून हवा ओढतें, आणि श्वास आंत घेतांना बरगड्यांखालची जागा फुगण्याऐवजीं आंत खेंचली जाते. जलद श्वास हा रोगाचा पहिला निरोप, आणि छाती आंत ओढली जाणें हा दुसरा. दुसरा निरोप आला कीं घरीं बसावयाचें नाहीं.

आतां मोजावयाचें कसें तें सांगतों. मूल शांत असावें. रडत नसावें, अंगावर पीत नसावें. अंगावरचें झबलें वर करून पोट व छाती पाहावी. पोट एकदां वर येऊन खालीं गेलें म्हणजे एक श्वास. घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावें; अर्धें मिनिट मोजून दुप्पट करूं नये, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाहीं. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक भरला, तर तो जलद समजावा. जागतिक आरोग्य संघटनेनें ठरविलेल्या या मर्यादा आहेत. खोकला किंवा सर्दी असून श्वास जलद चालत असेल तर त्याच दिवशीं आशाताईस किंवा उपकेंद्रांत दाखवावें. मूल दोन महिन्यांच्या आंतील असेल, किंवा छाती आंत ओढली जात असेल, किंवा मूल पीत नसेल, सर्व ओकून टाकीत असेल, त्यास झटके येत असतील, तें गुंगींत असेल, ओंठ निळसर पडले असतील, तर उपकेंद्राचीही वाट पाहूं नये. १०८ ला फोन करून थेट मोठें रुग्णालय गांठावें. वाटेंत बाळास उबेंत ठेवावें व पीत असेल तर अंगावर पाजीत राहावें.

हें सांगितलें कीं कांहीं शहाणे नाक मुरडतात. ते म्हणतात, "श्वास मोजून रोग ओळखणें हें डॉक्टरचें काम. अडाणी बायांच्या हातीं हें दिलें तर अनर्थ होईल." या आक्षेपास आम्हीं तोंडानें उत्तर देण्याचें कारण नाहीं. गडचिरोली जिल्ह्यानें तें कृतीनें दिलेलें आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं तेथें आरोग्यसेवक, गांवचे कार्यकर्ते आणि पिढीजात बाळंतपणें करणाऱ्या दाया यांस न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविलें. दायांस शंभरपर्यंत आंकडे मोजतां येत नव्हते. म्हणून काय त्यांस हांकलून दिलें? नाहीं. त्यांच्यासाठीं एक मिनिटाचें वाळूचें घड्याळ व मणी असलेलें एक साधें साधन बनविलें. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. दहापर्यंत कोणास मोजतां येत नाहीं? त्याचा परिणाम १९९० सालीं 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकांत छापून आला. जेथें हें काम झालें त्या गांवांत पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्यूमोनियाचे मृत्यु ८.१ वर आले. जेथें झालें नाहीं त्या शेजारच्या गांवांत ते १७.५ होते. या कार्यकर्त्यांनीं ६१२ आजारी मुलांस औषध दिलें. त्यांत दगावणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ०.८ पडलें, आणि शेजारच्या भागांत तें शेंकडा १३.५ होतें.

वाचकहो, हे आंकडे दोनदां वाचा. ज्या बाईस सही येत नाहीं, तिनें मणी सरकवून मुलें वाचविलीं! मग अनर्थ कोणाच्या हातून होतो? शिकविल्यावर जी शिकते तिच्या हातून, कीं तिला शिकतां येणारच नाहीं असें घरबसल्या ठरवून टाकणाऱ्याच्या हातून? डॉक्टरचें काम डॉक्टरनेंच करावें हें आम्हांस मान्य आहे. पण डॉक्टर वीस कोसांवर आहे आणि रोग उंबऱ्याच्या आंत आहे, तेथें पहिली पाहणी करणारें माणूस घरांतलेंच असलें पाहिजे. सरकारनेंही २०१९ सालीं 'सांस' नांवाची मोहीम काढून, रुग्णालयांत पाठविण्यापूर्वीं आशाताईनें औषधाचा पहिला डोस द्यावा अशी योजना केली. म्हणजे जें गडचिरोलीच्या दायांनीं करून दाखविलें, तेंच अखेर सरकारी कागदावर आलें. कागदावर आलेलें गांवांत आणणें हें आतां आपलें काम आहे.

येथें आपल्याच घरांतील दोन-तीन गोष्टींविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. कोणास राग आला तरी हरकत नाहीं. मेळघाटांत मुलाचें पोट फुगलें किंवा त्यास धाप लागली म्हणजे तापलेल्या विळ्यानें त्याच्या पोटावर डाग देतात. त्यास 'डंबा' म्हणतात. अशीच डागणी इतर ठिकाणींही चालते. आधींच ज्याच्या छातींत दम नाहीं, त्या बाळाच्या पोटावर आगीचे चटके! त्यानें फुप्फुसांतला पू निघत नाहीं. उलट जखमांतून दुसरें विष अंगांत शिरतें व रुग्णालयांत जाण्याचा मोलाचा वेळ फुकट जातो. आई-बाप हें दुष्टपणानें करीत नाहींत. दुसरा उपाय जवळ नसला म्हणजे माणूस विळ्याकडे वळतो. म्हणून नुसती शिक्षा करून डागणी थांबणार नाहीं. औषध विळ्यापेक्षां जवळ आलें म्हणजेच ती थांबेल.

दुसरी गोष्ट बाळंतिणीच्या खोलीची. दारें-खिडक्या बंद, खाटेखालीं शेगडी, आणि वर ओवा-शेपाची धुरी! ऊब पाहिजे हें खरें. पण ती ऊब कपड्यानें, टोपड्यानें व आईच्या अंगाशीं धरून द्यावी. बंद खोलींतला निखारा तेथील प्राणवायु खातो आणि विषारी वायु सोडतो. बाळाच्या कोंवळ्या फुप्फुसांस तो धूर सोसत नाहीं. तीच गोष्ट चुलीची. ज्या बाईनें उभ्या जन्मांत विडी ओढली नाहीं, तिला चाळिशींत जिना चढवत नाहीं, पन्नाशींत पाण्याची घागर उचलवत नाहीं. हा चुलीनें केलेला घात आहे. फुंकणीनें चूल फुंकतां फुंकतां तिचाच भाता निकामी होतो. २०१६ सालच्या मे महिन्यांत उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत गॅस आला. पण दुसरें सिलिंडर भरावयास पैसा नाहीं म्हणून शेगडी फळीवर आणि पुन्हां चूल पेटलेली, असें ज्या घरांत आहे तेथें बाईस दोष देण्यांत अर्थ नाहीं. बैलाच्या पेंडीस पैसा काढतों, तसा घरच्या लक्ष्मीच्या श्वासासाठींही काढावा, एवढें पुरुषांस सांगणें आहे. तोंवर निदान धुराडें करावें, वाळलेलें जळण वापरावें आणि तान्हें मूल मांडीवर घेऊन चुलीशीं बसूं नये.

तिसरी गोष्ट लसीची. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणाविरुद्ध न्यूमोकोकल लस २०१७ पासून आपल्या देशांत टप्प्याटप्प्यानें सुरू झाली व २०२१ सालीं ती सर्व देशांत पोंचली. ती सरकारी लसीकरणांत फुकट मिळते. फुकट मिळतें तें कमी दर्जाचें, हा समज सोडून द्यावा. खाजगी दवाखान्यांत याच लसीस हजारों रुपये मोजावे लागतात.

आतां वडील माणसांच्या दम्याकडे वळूं. मृग नक्षत्र लागलें कीं जिवंत मासा गिळून दमा घालविण्यासाठीं आमचे लोक कर्ज काढून हैदराबादेस धांवतात. आणि घरीं डॉक्टरनें दिलेला पंप 'त्याची संवय लागते' म्हणून फेंकून देतात. संवय लागते म्हणजे काय? चष्म्याची संवय लागते म्हणून कोणी आंधळा राहतो काय? हिशेबच पाहूं. दम्याच्या सालब्युटामॉल औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची घेतली, तर तितक्या औषधांत पंपाचे ४० फवारे होतात. गोळी पोटांतून, रक्तांतून, सर्व अंगभर हिंडून छातींत येते. फवारा थेट छातींत जातो. म्हणून थोडक्या औषधांत काम होतें व हात थरथरणें, छाती धडधडणें हा त्रास कमी होतो. मात्र हा सुटकेचा पंप झाला. दमा आटोक्यांत ठेवणारा रोजचा पंप निराळा असतो, आणि बरें वाटलें म्हणून तो मनानें बंद करावयाचा नसतो. आणि ज्याचा खोकला दोन आठवड्यांवर गेला आहे, त्यानें दम्याचें औषध मागण्यापूर्वीं बेडका तपासून घ्यावा. क्षयाची तपासणी व औषध सरकारांत फुकट आहे.

आमच्या कष्टकरी भावांस तर धंदाच श्वास खातो. पाथरवट, वडार, खाणींतले मजूर यांच्या छातींत दगडाची पूड बसते. तिनें सिलिकोसिस होतो, आणि गेलेलें फुप्फुस परत आणणारें औषध निघालेलें नाहीं. कापूस पिंजणाऱ्यास व गिरणींत सूत काढणाऱ्यास कापसाच्या धुळीचा रोग होतो. सुटीनंतर सोमवारीं कामावर जातांच छाती आवळते, हें त्याचें लक्षण. या रोगांवर खरा उपाय एकच: धूळ छातींत जाऊं न देणें. दगड ओला करून कापणें, यंत्राला धूळ शोषणारी नळी लावणें, आणि तोंडावर नीट बसणारा मुखवटा. तोंडाला बांधलेलें उपरणें पुरत नाहीं, कारण जी धूळ डोळ्यांस दिसत नाहीं तीच खोल जाते. पण मालक म्हणतो, याला क्षय झाला. दवाखाना म्हणतो, याला दमा झाला. आणि मजूर मरतो तो कोणत्याच वहींत न लागतां. राजस्थान सरकारनें २०१९ सालीं या रोगाविषयीं धोरण करून तपासणी, प्रमाणपत्र व मजुरास आर्थिक मदत अशी व्यवस्था लावली. मदत मिळावयास आधीं नोंद लागते. ज्याची मोजदाद नाहीं त्याची दादही नाहीं!

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. प्राणवायु हें औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत, रक्तांतील प्राणवायु कमी झालेल्या रोग्यांसाठीं, २०१७ सालीं त्याची नोंद झाली. म्हणजे ही श्रीमंताच्या खोलींतली चैन नव्हे. तापाच्या गोळीइतकीच ती प्रत्येक दवाखान्यांत असली पाहिजे. पण आमच्या देशाला ही गोष्ट २०२१ च्या उन्हाळ्यांत किती महाग पडून कळली! त्या एप्रिलच्या १९ तारखेस रिकामे टँकर कळंबोलीहून आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले. ते भरून नागपूर-नाशिकास येईपर्यंत चार-पांच दिवस लोटले. धाप लागलेल्या माणसाला चार मिनिटें जड जातात, तेथें चार दिवस! मधल्या २१ तारखेस नाशिकच्या महापालिकेच्या रुग्णालयांत प्राणवायूची टाकी गळली, नळींतला दाब उतरला, आणि वीसांहून अधिक रोगी खाटेवरच गेले. गांवोगांवचे लोक रिकामें सिलिंडर खांद्यावर घेऊन रात्र-रात्र रांगेंत उभे राहिले, हें कोण विसरेल? आणि त्याच वर्षीं २० जुलैला राज्यसभेंत केंद्र सरकारकडून उत्तर आलें कीं, प्राणवायूच्या तुटवड्यामुळें मृत्यु झाल्याची वेगळी माहिती राज्यांनीं कळविलेली नाहीं.

कळविलेली नाहीं! माणसें गेलीं, पण आंकडा आला नाहीं. म्हणूनच आम्ही म्हणतों, मोजावयास शिका. आजपर्यंत आमच्या घरांत मोजण्याचें काम दुसऱ्यांनीं केलें. सावकारानें व्याज मोजलें, सरकारनें सारा मोजला, व्यापाऱ्यानें काटा मारून धान्य मोजलें. आणि प्रत्येक मापांत आम्ही कमी भरलों. आतां स्वतःचा श्वास तरी आम्ही स्वतः मोजूं आणि तो वहींत लावूं.

तोच काळ, तोच देश. पण नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यांत निराळें घडलें. तेथील जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः भिल्ल समाजांतले. पहिली लाट ओसरत असतां, दुसरी येईल हें ओळखून, त्यांनीं हवेंतून प्राणवायु वेगळा काढणारीं यंत्रें जिल्ह्यांत बसविण्यास सुरुवात केली. हवा तर नंदुरबारलाही होती आणि इतर जिल्ह्यांतही होती. फरक पडला तो वेळेवर विचार करण्याचा. दूरचा, दरिद्री, मागासलेला म्हणून ज्या जिल्ह्याचें नांव घेतात, तो पुढें राहिला. यावरून मागासलेपण कोठें असतें याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

बोटाला लावण्याच्या लहान यंत्राविषयींही चार शब्द सांगतों, कारण तें पुष्कळ घरांत येऊन पडलें आहे. हें ऑक्सिमीटर बोटांतून तांबडा व न दिसणारा असा दोन तऱ्हांचा प्रकाश पाठवून रक्तांतला प्राणवायु अजमावितें. जपानांत ताकुओ आओयागी यांनीं १९७४ च्या सुमारास ही युक्ति काढली. निरोगी माणसांत आंकडा ९५ च्या वर असतो. कोविडच्या दिवसांत ९४ च्या खालीं गेल्यास दवाखाना गांठा असें सांगत, आणि ९० च्या खालीं तर घरीं थांबूंच नये. नखांचा रंग पुसून, हात गार असल्यास चोळून ऊन करून, स्वस्थ बसून आंकडा पाहावा. पण एक गोष्ट ध्यानांत असूं द्या. अमेरिकेंतील मिशिगन येथील डॉक्टरांनीं २०२० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केलें कीं, रक्तांत प्राणवायु खरोखर कमी असतां यंत्रानें तो ठीक दाखविला, असें गोऱ्या रोग्यांपेक्षां काळ्या रोग्यांत जवळजवळ तिप्पट वेळां घडलें. यंत्राला द्वेष नसतो. पण तें ज्यांच्या कातडीवर पारखलें, त्यांच्याच कातडीला तें नीट ओळखतें. उन्हांत राबून काळवंडलेल्या आमच्या माणसांनीं म्हणून आंकड्यावर आंधळा विश्वास ठेवूं नये. आंकडा ९६ आणि रोगी धापा टाकतो आहे, वाक्य पुरें बोलूं शकत नाहीं, तर खरा कोण? रोगी खरा!

घरीं प्राणवायु चालू असलेल्या रोग्याची काळजी कशी घ्यावी? त्यास आडवा निजवूं नये. पाठीशीं तक्क्या देऊन बसवावा, किंवा पुढें वांकून हात उशीवर टेंकूं द्यावेत. प्राणवायु स्वतः पेटत नाहीं, पण पेटलेलें भडकवितो. म्हणून त्या खोलींत चूल, विडी, उदबत्ती, निरांजन कांहीं नको, आणि सिलिंडरच्या चावीला तेल-ग्रीस लावूं नये. दम कमी वाटतो म्हणून चावी मनानें वाढवूं नये. जुन्या धूररोग्याला किंवा विडीनें फुप्फुस गेलेल्याला फार प्राणवायु दिला तर उलट गुंगी येते. अशा रोग्यांत डॉक्टर आंकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात. औषध म्हटलें म्हणजे त्याला माप आलेंच.

शेवटीं गांवानें काय करावें तें सांगून हा लेख पुरा करतों. येत्या ग्रामसभेंत रस्ता, गटार, समाजमंदिर यांबरोबर पुढील प्रश्न लेखी विचारा. आमच्या आशाताईजवळ श्वास मोजण्याचें घड्याळ आणि न्यूमोनियाचें औषध आज आहे काय? उपकेंद्रांत चालू ऑक्सिमीटर आहे काय, आणि लहान मुलाच्या बोटाला बसेल असें आहे काय? प्राथमिक आरोग्यकेंद्रांत भरलेलीं सिलिंडरें किती, आणि त्यांस लागणारी चावी, दाब-मापक व लहान मुलाचा मास्क आहे काय? येथेंही हिशेब करून जा. मोठ्या सिलिंडरांत सुमारें ७,००० लिटर प्राणवायु मावतो. एका रोग्यास मिनिटाला ५ लिटर लागला तर तें १,४०० मिनिटें, म्हणजे २३ तासांच्या थोडें वर पुरतें. पांच रोगी आले तर पांच तासही पुरत नाहीं. मग "आमच्याकडे एक सिलिंडर आहे" या उत्तरानें समाधान मानूं नका. २०२१ सालीं देशभर प्राणवायूचीं यंत्रें बसलीं; आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांत बसलें असेल तर विचारा कीं तें शेवटचें कधीं चालविलें, गाळणी कधीं बदलली, वीज गेल्यावर काय करतां, आणि चालविणारा माणूस नेमलेला आहे काय? मोट वर्षभर न हांकतां ठेवली तर दुष्काळांत तिची कातडी फाटते. यंत्राचेंही तसेंच आहे.

आणि घरीं, आजच रात्रीं, आपलें मूल झोंपलें असतां घड्याळ घेऊन त्याचा श्वास एकदां मोजून पाहा. निरोगी मुलाचा श्वास कसा चालतो हें ज्या आईला ठाऊक आहे, तिला आजारी मुलाचा श्वास चटकन् ओळखूं येतो. आपल्या मुलीला शिकवा, सुनेला शिकवा, शाळेंत जाणाऱ्या पोराला शिकवा. अक्षर येत नसेल तर दहा-दहा बियांचे ढीग लावून मोजा. शिकून झाल्यावर शेजारच्या घरीं जाऊन त्यांस शिकवा. यासाठीं कोणाच्या परवानगीची गरज नाहीं.